भर उन्हातले दिवे

मॅडमची गाडी लांबून ओळखू यायची. मे महिन्यातलं रायपूर, डोळे उघडवत नाहीत असं ऊन, आणि त्या उन्हातून आमच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या वळणावर एक जुनी पांढरी गाडी यायची, दोन्ही हेडलाइट लावून. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या सावलीत उभी असायचे. दुकानदार रोज म्हणायचा, "आ गई तुम्हारी सर्चलाइट." मी खाली बघून हसायचे आणि पटकन दार उघडून आत बसायचे. आणखी कुणाचं लक्ष जायला नको.

आम्ही एकाच सरकारी कार्यालयात होतो. मॅडम लेखा शाखेत, निवृत्तीला आलेल्या. मी नुकतीच लागलेली. कार्यालय नव्या रायपूरला, घरं दोघींची तात्यापाऱ्यात. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला न विचारता माझ्या आईला सांगून टाकलं, "पोट्टीले मी नेत जाईन." मला हे एका अर्थी सोयीचं होतं. बसमध्ये ओळखीचे भेटत आणि बोलावं लागे. इथे एकाच माणसाशी बोलायचं होतं, आणि ते माणूसच सगळं बोलायचं.

फक्त एक अडचण होती. आमच्या घरी आईबाबा वऱ्हाडीत बोलत आणि मी हिंदीत उत्तर देत असे. शाळा इंग्रजी, रस्ता हिंदी, त्यामुळे मराठी मला कळायची, पण तोंडात यायची नाही. मॅडमच्या गाडीत ते चालत नसे. मी हिंदीत काही म्हटलं की त्या समोर बघत म्हणत, "काय म्हनलं? मले नाई समजलं." बाहेर पोलिसाशी, भाजीवालीशी फाडफाड हिंदी बोलणारी बाई आत येऊन बहिरी व्हायची. मी वाक्य जुळवेपर्यंत एखादा सिग्नल निघून जायचा. त्या थांबायच्या. कधी शब्द पुरवायच्या नाहीत.

गाडीत बसल्या की आधी चपला काढून मागे टाकायच्या. अनवाणी चालवायच्या. दोन सीटच्या मध्ये मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि शेंगदाण्यांचा स्टीलचा डबा. किल्ली फिरवली की इंजिन लागायच्या आधीच डावा हात पुढे जाऊन दिव्याची कळ फिरवायचा. मग गिअर. सकाळ असो, दुपार असो, हा क्रम बदलत नसे.

हॉर्न मात्र त्या वाजवत नसत. रायपुरात हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. मागचे वाजवत, पुढचे वाजवत, आम्ही मध्ये गप्प. एकदा मालवीय रोडवर एका रिक्षाने वाट अडवली होती आणि त्या निवांत मुर्रा खात बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "वाजवत का नाही?"

"हॉर्न म्हंजे वरडनं झालं. दिवा म्हंजे हजर असनं. मी हजर आहो ना? दिसन त्याले."

रिक्षावाल्याला ते दिसायला बराच वेळ लागला. पण हे वाक्य मी बरोबर घेऊन गेले. मला लहानपणापासून सगळे सांगत आले होते की जरा मोठ्याने बोल. न ओरडता हजर राहता येतं, असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता त्या दिव्यांबद्दल. आपल्याकडे दिवसा कुणाचा दिवा चालू दिसला की समोरून येणारा हात वर करून पाचही बोटं मिटतो आणि उघडतो. काही बोलायची गरज नसते. घर ते कार्यालय या रस्त्यात असे कितीतरी हात उठायचे. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, चौकातला शिपाई, हंडे घेऊन चाललेल्या बायका. मॅडम प्रत्येकाला तशीच बोटं मिटून उघडून परत उत्तर द्यायच्या, वर मान झुकवून हसायच्या. सिग्नलला कुणी दुचाकीवाला शेजारी थांबला तर काच खाली व्हायची आणि मी सीटमध्ये खाली सरकायचे.

"मैडम, लाइट जल रही है आपकी."

"तुम्हारी भी तो जल रही है, बेटा."

"मेरी तो कंपनी से है. बंद ही नहीं होती."

"मेरी मेरे से है," मॅडम म्हणायच्या आणि काच वर.

दुपारच्या डब्याला साहूजींबरोबर रोजचा वाद ठरलेला असे. साहूजी त्यांच्या शाखेतले, आणि मॅडमच्या दिव्यांवर त्यांचा मनापासून राग होता. ते म्हणत, बल्ब उडतो, बॅटरी बसते, पेट्रोल जास्त जातं, समोरच्याच्या डोळ्यांना त्रास. वर ते म्हणत, "डिपर का मतलब ही खतम हो गया मैडम. पहले कोई लाइट मारता था तो समझ में आता था कि भई रुको, मैं आ रहा हूँ. अब सबकी जल रही है, तो कौन क्या बोल रहा है, क्या पता?"

मॅडम पोळीचा तुकडा हातात धरून ऐकून घेत. "धूप सफेद, दीवार सफेद, गाड़ी सफेद. मैं दिखूँगी कैसे, साहूजी? अभनपुर रोड पर पेड़ की छाँव में धूप-छाँव ऐसी रहती है कि भैंस नहीं दिखती, भैंस! कटाई के टाइम धूल अलग. ट्रेन का इंजन देखो. इतना बड़ा, इतना काला, इतनी आवाज़ करता है, फिर भी दिन में लाइट जला के आता है."

"आप ट्रेन थोड़ी हैं, मैडम."

"अभी तो नहीं हूँ."

बॅटरीचं मात्र साहूजींचं खरं होतं. त्या दिवे बंद करायला विसरायच्या आणि संध्याकाळी गाडी हू की चू करत नसे. मग अर्धी लेखा शाखा बाहेर येऊन गाडीला धक्का देई. साहूजी सगळ्यात पुढे, घामाघूम, आणि मॅडम खिडकीतून हात बाहेर काढून, "ज़ोर से, साहूजी! डिपर बाद में समझाना!" पुढे त्या गाडी नेहमी उतारावर लावू लागल्या. दिवे काही सोडले नाहीत.

गाडी त्या पन्नाशीच्या आसपास शिकल्या. "पहिले बाबा नाई म्हनत. मंग आई अंथरुणावर होती, तिले टाकून कुठं जाऊ? आई गेली अन् त्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलमधी नाव टाकलं. लोकायले वाटलं येडी झाली." शिकवणारा पहिल्याच दिवशी म्हणाला, आंटीजी, आपसे क्लच नहीं होगा. त्यांनी दुसरी शाळा धरली. लायसन्स आल्यावर पहिल्या शाळेच्या दारात गाडी नेऊन लावली आणि त्याला खाली बोलावून विचारलं, "भैया, यहाँ पार्किंग कर सकते हैं?" बस, एवढंच. मग रिव्हर्स घेऊन परत आल्या.

लग्न केलेलं नव्हतं. बहिणीचा मुलगा पुण्याला, त्याचा दर आठवड्याला फोन, मावशी, एकटी राहू नको, इकडे ये. त्याला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "गाडी चालते तवर मी रायपूरलेच." म्हणून ती गाडी ही नुसती गाडी नव्हती. ती चालत होती तोवर त्यांचं घर, त्यांचं शहर, रविवारी भाजीच्या निमित्ताने अभनपूरपर्यंत मारलेली फेरी, सगळं त्यांचं होतं. किल्ली गेली की हे सगळंच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

एकदा गोलबाजारात भांडी घ्यायला गेलो होतो. गाडी बाजाराच्या तोंडाशी लावलेली. कढई पसंत करता करता वेळ गेला, परत आलो तर दिवे चालूच. आणि बंपरला पाठ टेकून एक म्हातारी भाजीवाली टोपली घेऊन बसलेली. मॅडमना बघून ती उठली.

"दाई, तोर लाइट बरत हे. तेकरे सेती बइठे हंव."

दिवा जळत राहिला होता म्हणून ती बसून राहिली होती. मालक येईपर्यंत. मॅडमनी तिची लालभाजी सगळी घेतली, टोपली रिकामी केली. गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

"घरी माहा दिवा रातभर जळला तरी सांगनारं कोनी नाई," त्या म्हणाल्या. मग लगेच, "एवढ्या भाजीचं काय करू वं आता? घेऊन जाय अर्धी तुह्या आईले."

त्या दिवसानंतर रस्त्यात उठणाऱ्या हातांची मला लाज वाटेनाशी झाली. कुणी हात वर केला की मीही डावीकडून बोटं मिटून उघडू लागले.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली तेव्हा भाचा आला. शांत, हुशार मुलगा; वाईट म्हणण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. त्याला खरंच काळजी होती. त्याने जुनी गाडी मोडीत काढून मावशीला नवी घेऊन दिली आणि अटी घातल्या. अंधार पडल्यावर चालवायची नाही. आणि कुठे काही लागलं, ठोकलं, तर किल्ली त्याच्याकडे आणि मावशी पुण्याला. मॅडमनी मान्य केलं. माझ्यासमोरच, चहा पिताना.

"अन् मावशी, तुझी दिव्याची कटकट गेली. याला डीआरएल आहेत. गाडी सुरू केली की पुढचे दिवे आपोआप लागतात. तुला हात लावायची गरज नाही."

"डीआरएल? मले वाटलं कोनता आजार हाये."

गाडीच्या पुढे दोन बारीक पांढऱ्या पट्ट्या होत्या, भुवयांसारख्या. मॅडम त्यांच्याकडे वाकून वाकून बघत राहिल्या. त्यांना आनंद झाला होता. इतकी वर्षं त्या जे सांगत होत्या ते आता गाडी बनवणाऱ्यांनाच पटलं होतं. कार्यालयात साहूजींना खास खाली नेऊन दाखवलं. साहूजी म्हणाले, "बैटरी?" मॅडम म्हणाल्या, "कुछ नहीं होता." साहूजी हरले.

पण आठवडाभरात त्या गप्प झाल्या. मला कारण कळायला जरा वेळ लागला. रस्त्यात एकही हात उठत नव्हता. व्हॅनवाला समोरून येऊन तसाच निघून जायचा. शिपाई दुसरीकडे बघायचा. आता सगळ्याच नव्या गाड्या अशा, सगळ्याच दुचाक्या अशा. कुणाला सांगायचं आणि काय?

"ह्या गाडीले कोनी काही बोलतच नाई," त्या एकदा म्हणाल्या.

मी म्हटलं, "चांगलंच आहे ना? लोकांना सवय झाली."

"हव," त्या म्हणाल्या. "सवय झाली." डबा माझ्याकडे सरकवला, स्वतः काही घेतलं नाही.

हल्ली मीही गाडी चालवते. माझ्या गाडीलाही तशाच पट्ट्या आहेत. त्याच रस्त्याने त्याच वेळी जाते आणि समोरून येणाऱ्यांच्या हातांकडे बघते. ते हँडलवर असतात, फोनवर असतात. मला कुणी काही सांगावं असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय.

मॅडमकडे ती नवी गाडी असतानाचाच एक रविवार. धान कापणी चालू होती. अभनपूरहून आम्ही वेळेत निघालो होतो, उजेड असतानाच घरी पोचायचं म्हणून. पण मंडीच्या पुढे धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि आम्ही अडकलो. सुटलो तेव्हा सूर्य गेला होता. पूर्ण अंधार नव्हता. धुळीचा राखाडी उजेड होता. मॅडम सावकाश चालवत होत्या. पुढे रस्त्यावर आपल्या दिव्यांचा पांढुरका उजेड पडलेला, आत काटे-आकडे उजळलेले. सगळं लागलेलं दिसत होतं. मलाही दिसत होतं.

समोरून एक भरलेली ट्रॉली डुलत येत होती. तिला जागा द्यायला मॅडमनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि थांबल्या. तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला.

मोटरसायकल होती. नवरा-बायको. दोघं रस्त्याच्या कडेला पडलेले. तो उठला, ती मनगट धरून तिथेच बसली. आम्ही खाली उतरेपर्यंत शेतातून, ट्रॅक्टरवरून माणसं जमा झाली. मी घाबरून भाच्याला फोन लावला होता, तो स्पीकरवर होता.

"कोणाला फार लागलं का?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं. मी म्हटलं, एका बाईच्या हाताला. मग तो म्हणाला, "मावशी, ऐक. तू काही बोलू नको. तो मागून घुसला, एवढंच सांग. खरं तेच आहे."

इकडे लोकांनी त्या माणसाला घेरलं होतं. तो म्हणत होता, "बत्ती नइ रिहिस. गाड़ी मा बत्ती नइ रिहिस."

"बत्ती नहीं थी? इधर आ." एकाने त्याला दंडाला धरून गाडीच्या पुढे आणलं. "ये क्या जल रहा है? अंधा है? हेलमेट कहाँ है तेरा?"

त्या दोन पट्ट्या लख्ख जळत होत्या. तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग हळूहळू भीती. त्याने हात जोडायला सुरुवात केली. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. आपलीच चूक असणार असं त्याला वाटू लागलं होतं.

मॅडम तोवर मागच्या बाजूला गेल्या होत्या. मी गेले तर त्या गाडीच्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. मागे काहीच लागलेलं नव्हतं. गाडी मागून नुसती काळी. जुन्या गाडीत कळ फिरवली की पुढचे-मागचे सगळे दिवे लागायचे, आणि हात आपोआप ती कळ फिरवायचा. या गाडीत त्या हाताला काम उरलं नव्हतं. पुढे उजेड होता म्हणून मागेही असेल असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. भाचा "हॅलो, हॅलो" करत होता. किल्ली गाडीत लागलेलीच होती, अजून त्यांचीच. त्यांनी काही न बोलता गाडीत बसायचं, एवढंच करायचं होतं. जमाव त्यांच्या बाजूने होता. तो माणूस हात जोडून उभा होता. हे सगळं त्यांना कळत होतं, कारण त्या क्षणभर खरंच तशाच उभ्या राहिल्या.

मग पुढे आल्या. रस्त्यावर त्या आवाज कधी चढवत नसत, पण तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"हाथ नीचे करो, भैया. आप सही बोल रहे हो. पीछे अँधेरा था. गलती मेरी है."

कुणी तरी म्हणालं, "अरे मैडम, छोड़िए, ये लोग तो..."

"पीछे जा के देखिए," त्या म्हणाल्या. "सब लोग जा के देखिए."

लोक खरंच गेले, बघून आले आणि पांगले. मॅडमनी त्या बाईला उठवून गाडीत बसवलं, कळ शोधली, पुढचे-मागचे सगळे दिवे लावले, मला खाली उतरवून मागे जाऊन बघायला लावलं, आणि मगच गाडी काढली. बाईचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत त्या दवाखान्यात तिच्याजवळ बसून होत्या, मुर्र्याचा डबा तिच्या मांडीवर ठेवून.

भाचा आला. त्याला मागावीही लागली नाही. किल्ली टेबलावर ठेवलेली होती. तो म्हणाला, "मावशी, मला वाईट वाटतंय." त्या म्हणाल्या, "तुले काहून? मीच हव म्हनलं होतं." निवृत्तीनंतर साहूजी निरोप द्यायला घरी आले तेव्हा दिव्यांचा विषय काढायचा त्यांना धीर होईना. शेवटी मॅडमनीच काढला. "दिन में लाइट अच्छी चीज़ है, साहूजी. मैं अब भी बोलती हूँ. बस, अपने आप नहीं जलनी चाहिए." साहूजींनी मान डोलावली. ते पहिल्यांदाच वाद न घालता उठले.

आता त्या पुण्याला आहेत. फोनवर आनंदी असतात, किंवा तशा वाटतात. भाचसून चांगली आहे, बाग जवळ आहे, मराठी पुस्तकं मिळतात. "इथं सारे मराठी बोलतात वं," त्या म्हणाल्या, "पन माह्यासारखी कोनी नाई बोलत." मी त्यांना सांगते की मीही आता कार्यालयात मराठी बोलते. कुणाशी, ते त्या विचारत नाहीत.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांना भाचसुनेसाठी बिजौरी, म्हणजे इथले तीळ घातलेले सांडगे, घ्यायची होती. माझ्याकडे लायसन्स होतं, सराव नव्हता. मॅडमनी जायच्या आधी माझा हात बसवायचं मनावर घेतलं होतं, म्हणून भाच्याकडून किल्ली मागून त्यांची गाडी मी चालवत होते आणि त्या डावीकडे. जाताना त्यांचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता. "क्लच हाये तो, पायपुसनं नाई. सोड हळू. हळू म्हनलं ना! आता काहून थांबली? ढोर हाये ते, निघून जाते."

परत येताना त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं रागावल्या. वळून बघितलं तर झोपल्या होत्या. मान खिडकीकडे, तोंड किंचित उघडं, बिजौरीची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. चपला पायांत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या खूप लहान दिसत होत्या.

तात्यापाऱ्याचं वळण आलं. त्यांच्या घराचं फाटक अर्धवट उघडं होतं. व्हरांड्यात भाचा खोक्यांना दोरी बांधत बसला होता. गाडी दिसताच तो उठला, हात झटकले आणि फाटक पूर्ण उघडायला पुढे आला. मी गिअरवर हात ठेवला. मॅडमचा श्वास संथ चालला होता.

मी गाडी थांबवली नाही. फाटकापाशी उभा राहिलेला भाचा आरशात लहान लहान होत गेला. मग मी त्यांच्या रविवारच्या फेरीच्या, अभनपूरच्या रस्त्याला वळले. उजेड अजून पुष्कळ होता.